विसण, चिरोटे आणि अरबी समुद्र

आमच्या ऐरोलीच्या घरात गीझर आहे, तरी आजीची आंघोळ बादलीतलीच. आधी कढत पाणी, त्यात विसण, म्हणजे ते निववायला गार पाणी, मग हात घालून नीट ढवळणं आणि मगच तांब्या. मागच्या डिसेंबरात कॉलेजला निघायच्या घाईत मी कढत पाण्याच्या बादलीत गार नळाची रबरी नळी सोडली, शिंतोडे उडू नयेत म्हणून पार तळापर्यंत. बादली भरली, बोट न बुडवताच आजीला हाक मारली. पहिला तांब्या अंगावर पडल्याबरोबर आतून आवाज आला, “अगं, विसण घातलंयस की नुसतं ओतलंयस?”

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे काय झालं ते मला लगेच कळलं. फक्त दहा मिनिटं उशिरा. गार पाणी जड, ते तळाशी बसलं. कढत पाणी हलकं, ते वर तरंगत राहिलं. दोघांच्या मध्ये पडदा नव्हता, तरी एकमेकांत जायची कुणाचीच तयारी नव्हती. बादलीतली उष्णता बाहेर जाऊच दिली नाही आणि पाण्याला जराही धक्का लावला नाही, तर फूटभर खोल बादली वरपासून तळापर्यंत सारखी कोमट व्हायला साधारण एक आठवडा लागेल.

समुद्राच्या वरच्या थरात वर्षभर जे चालतं, ते आजीच्या त्या प्रश्नाभोवतीच फिरतं. पाणी पाण्यात ओतलं म्हणून मिसळत नाही. ते मिसळावं लागतं, आणि त्या कामाला ऊर्जा लागते.

बादलीचा हिशेब समुद्राला लावून पाहू. स्थिर पाण्यातून उष्णता रेणूंच्या धक्काबुक्कीतून पुढे सरकते आणि तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. एक मीटरसाठी जवळपास तीन महिने, दहा मीटरसाठी सुमारे २२ वर्षं. मीठ तर उष्णतेपेक्षाही शंभरपट आळशी. त्याला दहा मीटरसाठी दोन हजारांहून जास्त वर्षं लागतील. सातवाहनांच्या काळात कुणी समुद्रावर मूठभर मीठ अलगद पसरलं असतं, तर आत्ता कुठे ते दहा मीटरवर पोचलं असतं. दहा मीटर म्हणजे आपल्या सोसायटीचे तीन मजले!

प्रत्यक्षात मात्र एखादं वादळ एका रात्रीत समुद्राचे वरचे तीस-चाळीस मीटर एकसारखे करून जातं. बावीस वर्षांचं काम रातोरात होतं ते कसं?

याचं उत्तर दिवाळीच्या फराळात आहे. दोन रंगांचे चिरोटे आठवा. पांढऱ्या पोळीवर गुलाबी पोळी ठेवली, दुमडली, लाटली, पुन्हा दुमडली, पुन्हा लाटली. दरवेळी पदर दुप्पट होतात आणि प्रत्येक पदराची जाडी निम्मी होते. दहा वेळा हे केलं की १०२४ पदर. समुद्रात दहा मीटर जाडीचा गरम थर अशा दहा घड्यांत अडकला, तर प्रत्येक पदर उरतो एका सेंटिमीटरचा. आणि एक सेंटिमीटर ओलांडायला उष्णतेला किती वेळ लागतो? बारा मिनिटं. बावीस वर्षांची बारा मिनिटं झाली, आणि रेणूंचा वेग तर तसूभरही वाढलेला नाही. मिठाला आणखी तीन-चार घड्या जास्त घालाव्या लागतात, इतकंच.

ही घड्या घालणारी गोष्ट म्हणजे टर्ब्युलन्स. विमान हादरायला लागलं की पट्टे बांधायला सांगतात तो हाच. मराठीत त्याला संक्षोभ म्हणतात, पण हा शब्द ऐकला की वर्गात निम्मी पोरं खिडकीबाहेर बघतात, म्हणून मी घुसळण म्हणते. घुसळण स्वतः काहीच मिसळत नाही. ती पाण्याला ताणते, दुमडते, गरम आणि गार पाण्याची वेटोळी करून एकमेकांच्या इतकी जवळ आणते की शेवटचं काम रेणूंना सहज जमावं. ढवळणं वेगळं, मिसळणं वेगळं. पहिल्याशिवाय दुसरं वेळेत होत नाही, पण दोन्हींना एकच समजलं की पुढचं सगळं चुकतं.

घुसळण डोळ्यांनी बघायची असेल तर ओहोटीच्या वेळी हार्बर लाइनने मानखुर्दहून वाशीला यावं आणि दारात न लटकता खिडकीची जागा पकडावी. खाडीचं गढूळ पाणी समुद्राकडे धावत असतं आणि पुलाच्या प्रत्येक खांबामागे भोवरे सुटत असतात. एक मोठा भोवरा सुटतो, थोडा पुढे जातो, त्याच्या कडेला लहान भोवरे फुटतात, त्यांच्या कडेला आणखी लहान. गाडीतून फक्त मोठे दिसतात. लहान होत होत ते मिलिमीटर-सेंटिमीटरवर येतात. तिथे पाण्याचा स्वतःचा चिकटपणा त्यांना धरतो आणि त्यांची गती उष्णतेत विरून जाते. मोठ्या भोवऱ्याकडून लहानाकडे ऊर्जा अशी पायऱ्या उतरत जाते, ही कल्पना इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२०च्या दशकात मांडली. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४१ साली तिचं गणित बसवलं. कोणत्या मापाच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा असेल हे त्याचं सूत्र सांगतं, आणि ते भोवरा कुणी निर्माण केला हे विचारत नाही. पुलाचा खांब असो, वारा असो की चहातला चमचा.

ते सूत्र खऱ्या, मोठ्या प्रवाहात पडताळून पाहायला पुढे वीस वर्षं गेली. तीन कॅनेडियन शास्त्रज्ञांनी ते केलं आणि १९६२ साली प्रसिद्ध केलं. मला यात गंमत वाटते ती जागेची. त्यांनी भर महासागर निवडला नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या डिस्कव्हरी पॅसेज नावाच्या चिंचोळ्या खाडीवजा वाटेत, भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात त्यांनी आपली नाजूक उपकरणं धरली. सूत्र बरोबर निघालं. म्हणजे समुद्राच्या घुसळणीचा पहिला भक्कम पुरावा मिळाला तो आपल्या खाडीच्याच लांबच्या नातेवाइकाकडून.

आता ऊर्जेच्या खर्चाकडे येते. चुलीवरचं पातेलं खालून तापतं. तळाचं पाणी गरम होऊन हलकं होतं, वर येतं, वरचं खाली जातं, आणि आमटी आपोआप ढवळली जाते. समुद्राची चूल मात्र डोक्यावर आहे. सूर्याची निम्म्याहून अधिक उष्णता पाण्याच्या पहिल्या मीटरभरातच शोषली जाते. वरचं पाणी तापून आणखी हलकं होतं आणि आणखी घट्ट वरच बसतं. ते खालच्या गार पाण्यात मिसळायचं म्हणजे खालचं जड पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर उचलायचं. दिवाळीआधी सगळ्यात खालची ट्रंक माळ्यावर चढवण्यासारखं काम आहे ते. त्यातही खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा-सहावा हिस्साच पाणी उचलण्यात कामी येतो. बाकीची भोवऱ्यांच्या शेवटच्या पायरीवर उष्णता होऊन जाते. इतका वाया जाणारा मजूर कुणी कामावर ठेवणार नाही, पण समुद्राकडे दुसरा नाही.

हा मजूर म्हणजे मुख्यतः वारा. त्याचा हात जिथपर्यंत पोचतो, तिथपर्यंत पाण्याचं तापमान आणि खारेपणा जवळजवळ सारखा असतो. त्याला मिश्र थर म्हणतात. त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं, तो थर्मोक्लाइन. महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर, आणि मिश्र थर बहुतेक ठिकाणी वीस मीटरपासून शे-दोनशे मीटरपर्यंत. दुधावरच्या सायीइतकासुद्धा नाही. पण हवेशी सगळा व्यवहार या सायीचाच. समुद्राचे वरचे जेमतेम अडीच-तीन मीटर घेतले, तरी त्यांची उष्णता साठवायची ताकद डोक्यावरच्या अख्ख्या वातावरणाइतकी भरते. त्यामुळे वाऱ्याने साठा दहा मीटरमध्ये पसरवला की शंभर, यावर पाण्याचं तापमान ठरतं, आणि पुढे ढगांचं नशीबही.

वारा पाणी ढवळतो म्हणजे लाटा उसळतात असं आपण धरून चालतो. लाटांचा त्यात वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. लाटेखाली पाणी गोल फिरून जवळजवळ जागेवर परत येतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. फुटणारी लाट मात्र वरचे काही मीटर चांगले फेसाळून काढते. आणखी खोल हात घालणारी एक वेगळीच गोष्ट आहे. अर्विंग लँगम्यूर हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ १९२७ साली न्यूयॉर्कहून बोटीने इंग्लंडला निघाले होते. अटलांटिकवर तरंगणारं शेवाळ वाऱ्याच्या दिशेने सरळ, समांतर रांगांमध्ये लागलेलं त्यांना दिसलं. डेकवरून लाखो लोकांनी ते आधी पाहिलं असेल. लँगम्यूर घरी आले आणि लेक जॉर्ज नावाच्या तळ्यात प्रयोग करत बसले. मध्ये १९३२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. समुद्रावरचा निबंध आला १९३८ साली. निष्कर्ष असा, की वारा आणि लाटा मिळून पाण्यात लांबलचक, आडव्या, शेजारी शेजारी उलट्या दिशांनी फिरणाऱ्या लाटण्यांसारखी चक्रं तयार करतात. दोन लाटणी जिथे वर एकमेकांकडे येतात तिथे तरंगतं सामान गोळा होऊन रांग लागते, आणि तिच्याखाली पाणी जोरात खाली जातं.

वाशीच्या खाडीतली प्रत्येक फेसाची रेघ मात्र लँगम्यूरची नसते. बऱ्याच रेघा दोन वेगळ्या पाण्यांच्या सीमेवर लागतात. रेघ वाऱ्याच्या दिशेने असेल आणि तिच्या शेजारी ठरावीक अंतरावर तशाच रेघा असतील, तर लँगम्यूरचा संशय घ्यावा.

वारा पडला तरी घुसळण पूर्ण थांबत नाही. रात्री पाण्याचा पृष्ठभाग गार होतो, तेवढं पाणी जड होऊन खाली उतरतं, आणि काही तासांसाठी समुद्र पातेल्यासारखा आपसूक ढवळला जातो. सकाळी ऊन चढलं की पुन्हा थर बसतात.

अरबी समुद्रात हीच झटापट ऋतूंच्या मापाने चालते, आणि आपला पाऊस तिच्यात गुंतलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत वारा मंद आणि ऊन रणरणतं. मिश्र थर वीस-तीस मीटरचा होतो, सगळी उष्णता त्यात कोंडते, आणि पाणी ३० अंशांच्या आसपास किंवा वरही जातं. मग जूनमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून मोसमी वारे सुटतात. जुलैत मध्य अरबी समुद्रावर ते ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात वाहतात. रवी फिरायला लागते. मिश्र थर ऐंशी-शंभर मीटरपर्यंत खोल जातो, खालचं गार पाणी वर ओढलं जातं, आणि उत्तर गोलार्धात भर उन्हाळा असताना हा समुद्र तापायच्या ऐवजी थंड होतो, २७ अंशांच्या आसपास येतो. श्रेय एकट्या घुसळणीचं नाही. वाऱ्यामुळे बाष्पीभवनही जोरात होतं, आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खालून वर आलेलं थंड पाणी पुढे पसरतं. वारा ओसरला की ऑक्टोबरात पाणी परत तापतं. वर्षातून दोनदा तापणारा आणि दोनदा निवणारा समुद्र आहे हा. ऑक्टोबर हीटला शिव्या घालताना एवढं लक्षात असू द्यावं, की पश्चिमेला समुद्रालाही त्याच सुमारास ताप चढलेला असतो.

शेजारच्या बंगालच्या उपसागरावरही तेच मोसमी वारे वाहतात, पण तिथलं पाणी त्यांना दाद देत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रा आणि पाऊस मिळून तिथे गोड्या पाण्याचा इतका लोट येतो की खाऱ्या पाण्यावर हलक्या पाण्याचं झाकणच बसतं. ते फोडायला वाऱ्याची ऊर्जा पुरत नाही. खालचं गार पाणी खालीच राहतं, वरचं पाणी बराच काळ २८ अंशांच्या वर टिकतं. हा २८चा आकडा उगाच नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं, की समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या वर असेल तर त्यावर पावसाचे उंच ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. उपसागरात ढग बनतात, पाऊस पडतो, नद्या भरतात, झाकण आणखी घट्ट बसतं. एकाच वाऱ्याखाली दोन बादल्या, एकीत विसण घातलेलं आणि दुसरीत नुसतं ओतलेलं.

डिसेंबर ते फेब्रुवारीत अरबी समुद्राच्या उत्तर भागात वेगळाच खेळ होतो. उत्तरेकडून कोरडी, गार हवा येते, पाण्याची वाफ उडते, मागे मीठ उरतं. वरचं पाणी गारही होतं आणि खारटही, म्हणजे दुहेरी जड. ते स्वतःच्या वजनाने खाली जातं आणि मिश्र थर शंभर मीटरच्याही पुढे उतरतो. खालच्या पाण्यातले नायट्रेटसारखे क्षार या घुसळणीत वर येतात, उन्हात पोचतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचं, म्हणजे प्लवकांचं, अमाप पीक येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही हिवाळी यंत्रणा १९९६ साली उलगडून दाखवली. प्लवकांवर बारीक जीव, त्यांच्यावर मासे, माशांवर आपण. बाजारात सुरमईचा भाव विचारताना मिश्र थराची खोली कुणी विचारत नाही, विचारायला हरकत नाही.

चक्रीवादळाचं एका परिच्छेदात सांगते. वादळ गरम पाण्यावर पोसतं आणि पोसता पोसता तेच पाणी घुसळून खालचं गार पाणी वर काढतं. त्याच्या मागे समुद्रावर गार पाण्याचा पट्टा उरतो, कधी कधी काही अंशांनी गार. वादळ एका जागी रेंगाळलं तर स्वतःच्याच ताटात पाणी ओतून घेतं. पण गरम थर जाड असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं आणि ब्रेक लागत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते आलं तेव्हा ऐरोलीत आम्ही खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबत होतो आणि मला सारखं वाटत होतं, मे महिना आहे, समुद्र वर्षातला सगळ्यात तापलेला आहे.

आणि आता तो दर दशकात अधिक तापतो आहे. वरचं पाणी जितकं गरम, तितकं झाकण घट्ट आणि वाऱ्याचं काम महाग. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी इतरांसोबत केलेला २०१६ सालचा अभ्यास सांगतो, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकं वीस टक्क्यांपर्यंत घटली, आणि घुसळण मंदावून खालचे क्षार वर न येणं हे त्याचं कारण. हवामानाची मॉडेलं इथेच अडखळतात. हिशेबासाठी ती समुद्राचे चौकोन पाडतात. एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा आणि घुसळणीचा शेवट सेंटिमीटरवर, त्यामुळे मधलं सगळं सूत्रांनी अदमासाने भरावं लागतं. प्रत्यक्ष मोजणारी उपकरणंही विलक्षण. रॉकेटच्या आकाराची नळी बोटीवरून सोडायची आणि तिला सैल दोरीने संथपणे पडू द्यायचं. दोरीला बोटीचा एक हिसका बसला तरी सुई पाण्याऐवजी बोटीचा थरकाप नोंदवते.

आमच्याकडे असली नळी नाही. स्ट्रॉ होत्या. मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि कॉलेजातले एक सर असे दोघं दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांच्या होडीतून खाडीत दोन फेऱ्या मारून आलो. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पाऊस लागला की “वर गोर पानी, खाली खारा.” गोर म्हणजे गोड. आम्ही बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, तळाशी गेल्यावर बूच ओढलं आणि खालचं पाणी वर आणलं. दुसरी बाटली वरच्या पाण्याने भरली. मग टोकाला माती लावून बंद केलेली स्ट्रॉ दोन्हींत तरंगवली. पाणी जितकं खारट, तितकी ती वर उचलली जाते.

पहिली फेरी अष्टमीला, भांगाच्या भरतीत. पाणी सुस्त, प्रवाहाला जोर नाही. खालच्या पाण्यातली स्ट्रॉ स्पष्ट वर, वरच्या पाण्यातली बुडालेली. दुसरी फेरी अमावस्येच्या उधाणात. खाडी दोन्ही दिशांनी धावत होती, होडी धरून ठेवायलाच काकांची निम्मी शक्ती जात होती. दोन्ही बाटल्यांत स्ट्रॉ एकाच खुणेवर तरंगली. सरांनी तीनदा तपासलं.

हे तर मी किनाऱ्यावरच सांगितलं असतं, असं काका म्हणाले, आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे घेतले.